डेर, डी, डास आणि त्यापुढे: जर्मनमध्ये लिंग सांभाळून कसे लिहावे

पुण्यात जर्मनची ‘बी-२’ पातळी पूर्ण करून मी नोकरीसाठी लाइपझिशला आले, तेव्हा ‘डेर’ (पुल्लिंगी), ‘डी’ (स्त्रीलिंगी) आणि ‘डास’ (नपुंसकलिंगी) या नामाआधी येणाऱ्या उपपदांचे तक्ते मला तोंडपाठ होते. पहिल्याच आठवड्यात बैठकीत ओळख करून देताना मी ‘इश बिन इन्झेन्योर’ (मी अभियंता आहे) म्हणाले आणि शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी हलक्या आवाजात ‘इन्झेन्योरिन’ या स्त्रीरूपाची दुरुस्ती केली. मात्र त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या बाई, ज्यांचे सगळे शिक्षण पूर्व जर्मनीच्या काळात झाले होते, त्या स्वतःला ठामपणे ‘इन्झेन्योर’च म्हणवून घेत. दोघींपैकी चूक कोण, हे मला कळेना. पुढे पत्रे, अर्ज आणि करार लिहिता-वाचताना असेच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत गेले. नव्याने येणाऱ्यांना त्यांची उत्तरे एका जागी मिळावीत, म्हणून हे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. मराठीत माणसाचे लिंग क्रियापद सांगते: ‘डॉक्टर आले’ आणि ‘डॉक्टर आल्या’ यांत नाम तेच राहते. जर्मन क्रियापदाला लिंगच नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींसाठी ‘इश बिन गेकोमेन’ एवढेच आहे. त्यामुळे जी माहिती आपण क्रियापदाच्या शेपटीत सहज देऊन टाकतो, ती जर्मन माणसाला नामात किंवा नामाआधीच्या उपपदात द्यावी लागते. तेथे एका प्रत्ययावरून इतका वाद का होतो, हे यावरून समजते.

जवळ काय ठेवावे

१. तीन रंगांची पेने आणि एक वही. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामे वेगवेगळ्या रंगांत लिहावीत, आणि उपपदाशिवाय एकही नाम वहीत येऊ देऊ नये.
२. ‘डूडेन’ या शब्दकोशाची ऑनलाइन आवृत्ती. ती विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक नामाचे लिंग, षष्ठीचे रूप व अनेकवचन देते.
३. आपण जेथे नोकरी करतो किंवा शिकतो त्या संस्थेचा लेखनविषयक ‘लाइटफाडेन’, म्हणजे मार्गदर्शक पुस्तिका. बहुतेक विद्यापीठांत आणि अनेक नगरपालिकांत अशी पुस्तिका असते.
४. अर्ज करायचा असेल तर मूळ जाहिरात, ‘लेबेन्सलाउफ’ म्हणजे आपला जीवनवृत्तांत, आणि प्रमाणपत्रांची अधिकृत भाषांतरे.

पायरी १: वस्तूंची मराठी लिंगे बाजूला ठेवा

तीन लिंगांची कल्पना आपल्याला जन्मापासून आहे, ही मोठी सोय आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ती मुळापासून समजून घ्यावी लागते. धोका असा की आपण आपलीच लिंगे सोबत घेऊन जातो. जेवणाच्या टेबलावर पाहा: चमचा पुल्लिंगी, काटा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये चमचा ‘डेर ल्योफेल’, काटा ‘डी गाबेल’ आणि सुरी ‘डास मेसर’. एकाच ताटाभोवती तिन्ही लिंगे बसलेली असतात. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, सूर्य मात्र तेथे स्त्रीलिंगी होतो. पाणी, पुस्तक आणि मूल दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत, आणि अशा जुळणाऱ्या शब्दांमुळेच आपला अंदाजावरचा विश्वास वाढत जातो. पहिले सहा महिने मी दार ‘डास ट्यूर’ म्हणत होते. ते ‘डी ट्यूर’ आहे.

पायरी २: शेवट पाहून लिंग ओळखा

सर्व नामांचे लिंग पाठ करावे लागत नाही. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’, ‘-शाफ्ट’ आणि ‘-टेट’ या प्रत्ययांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात: डी वोनुंग (घर), डी फ्राइहाइट (स्वातंत्र्य), डी उनिवेर्झिटेट. ‘-शेन’ आणि ‘-लाइन’ हे लघुत्वदर्शक प्रत्यय लागले की शब्द नपुंसकलिंगी होतो. ‘-लिंग’ आणि ‘-इस्मुस’ यांनी संपणारी नामे पुल्लिंगी असतात; वार, महिने आणि ऋतूही पुल्लिंगी आहेत. क्रियापदाचे मूळ रूप नाम म्हणून वापरले की ते नपुंसकलिंगी होते: डास एसेन, म्हणजे खाणे. आपल्याकडेही ‘खाणे’, ‘बोलणे’ नपुंसकलिंगीच आहेत, त्यामुळे हा नियम लगेच लक्षात राहतो.

जोडशब्दाचे लिंग त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून ठरते. भाडेकरार म्हणजे ‘मीटफेरट्राग’. ‘फेरट्राग’ पुल्लिंगी, म्हणून पूर्ण शब्द पुल्लिंगी. इस्पितळ म्हणजे ‘क्रांकेनहाउस’. ‘हाउस’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘डास क्रांकेनहाउस’. शब्द कितीही लांब असला तरी नजर त्याच्या टोकावर ठेवावी.

पायरी ३: ‘डेर’ दिसले म्हणून पुल्लिंग समजू नका

ही चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होते. रेल्वेने जाण्याला ‘मिट डेर बान’ म्हणतात. फलाटावर हे दिवसातून दहा वेळा कानी पडते, आणि ‘बान’ पुल्लिंगी आहे अशी खूणगाठ मनात बसते. प्रत्यक्षात ‘बान’ स्त्रीलिंगी आहे. ‘मिट’ या शब्दानंतर चतुर्थी येते आणि चतुर्थीत ‘डी’चे ‘डेर’ होते. तसेच अनेकवचनात तिन्ही लिंगांचे उपपद ‘डी’ असते, त्यामुळे ‘डी ब्यूशर’ ऐकून पुस्तक स्त्रीलिंगी ठरवू नये. एखाद्या शब्दाचे लिंग प्रथमेच्या एकवचनात पाहिल्याशिवाय वहीत नोंदवू नका.

पायरी ४: शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग वेगळे ठेवा

‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, असा प्रश्न वर्गात पहिल्याच दिवशी येतो. त्याचे उत्तर ‘-शेन’ या प्रत्ययात आहे. त्याचा मुलीच्या मोठे किंवा लहान मानले जाण्याशी संबंध नाही. गोव्याच्या वाचकांना हे फारसे परके वाटणार नाही, कारण कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आहे आणि तरुण मुलीविषयी बोलताना ‘तें आयलें’ असे म्हटले जाते. ऱ्हाइनकाठच्या काही बोलींत स्त्रियांच्या नावांआधीही ‘डास’ लावतात.

उलट बाजूने आपल्या ‘व्यक्ती’ या शब्दाचा विचार करा. माणूस पुरुष असला तरी आपण ‘ती व्यक्ती आली’ असेच लिहितो. जर्मन ‘डी पेर्झोन’ अगदी तसाच चालतो. ‘डेर मेन्श’ म्हणजे माणूस, तो स्त्रीलाही लागू होतो. ‘डास मिटग्लीड’ म्हणजे सदस्य, तोही कोणालाही लागू होतो. हे शब्द आतापासून जमवून ठेवा, कारण लिंगनिरपेक्ष लेखनात सर्वांत जास्त तेच कामी येतात. सापळा एवढाच आहे की वाक्यात पुढे येणारे सर्वनाम शब्दाच्या लिंगाप्रमाणे चालते: ‘डी पेर्झोन’ पुरुष असली तरी तिच्यासाठी लगेच पुढे ‘झी’ (ती) येते.

पायरी ५: आपले पद आपल्या रूपात लिहा

जर्मनमध्ये बहुतेक व्यवसायनामांना ‘-इन’ प्रत्यय लावून स्त्रीरूप होते: लेरर–लेररिन (शिक्षक), कुंडे–कुंडिन (ग्राहक), आर्त्स्ट–एर्त्स्टिन (डॉक्टर). 2005 मध्ये आंगेला मेर्केल चान्सलर झाल्या, तेव्हा ‘बुंडेसकान्त्स्लरिन’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला आणि तोच त्या वर्षीचा ‘वर्षाचा शब्द’ ठरला. आपल्याकडे 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ‘राष्ट्रपती’ हा शब्द बदलावा का याची चर्चा झाली, पण शब्द तोच राहिला. ‘राष्ट्रपती आल्या’ एवढे म्हटले की काम भागते. जर्मन क्रियापदाकडे ती सोय नाही.

म्हणून स्त्री वाचकांना माझा आग्रह आहे की स्वतःविषयी लिहिताना ‘-इन’ रूप वापरावे. माझ्या मजल्यावरच्या त्या ज्येष्ठ बाईंची चूक नव्हती. पूर्व जर्मनीत कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत काम करणाऱ्या स्त्रिया आपले पद पुल्लिंगी रूपातच सांगत, आणि समान काम करणाऱ्याला समान नाव असावे अशी त्यामागची भावना मला त्यांच्या बोलण्यात दिसली. त्यांनी स्वतःसाठी जे रूप निवडले आहे, तेच आपण त्यांच्याबाबत वापरावे. आपण मात्र आज येत आहोत, आणि आज अर्जावर ‘इन्झेन्योर’ लिहिणारी स्त्री भाषेत कच्ची समजली जाण्याची शक्यता जास्त आहे. प्रमाणपत्रांचे भाषांतर करून घेताना भाषांतरकाराला आपले लिंग स्पष्ट सांगावे. माझ्या पहिल्या भाषांतरात मी सर्वत्र पुल्लिंगी झाले होते आणि ते कागद पुन्हा करून घ्यावे लागले.

पायरी ६: जाहिरात आणि करार नीट वाचा

नोकरीच्या जाहिरातीत पदनामापुढे ‘एम, वे, डे’ ही तीन अक्षरे दिसतील: मेनलिश म्हणजे पुरुष, वाइबलिश म्हणजे स्त्री, आणि डिवेर्स म्हणजे या दोहोंत न बसणारे तिसरे लिंग. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्याने नोकरीच्या जाहिरातीत लिंगावरून भेद करण्यास मनाई केली. ऑक्टोबर 2017 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने लिंगनोंदणीत तिसरा सकारात्मक पर्याय हवा असा निर्णय दिला आणि डिसेंबर 2018 मध्ये ‘डिवेर्स’ हा पर्याय कायद्यात आला. जाहिरातीत मूळ पदनाम पुल्लिंगीच छापलेले असले, तरी ही अक्षरे असल्यामुळे ते सर्वांसाठी आहे. स्त्रीने उत्तरात ‘आल्स इन्झेन्योरिन’ (अभियंता म्हणून, स्त्रीरूपात) असेच लिहावे. जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा उतरवू नये.

करारांची गोष्ट वेगळी आहे. भाडेकरारात ‘डेर मीटर’ म्हणजे भाडेकरू आणि ‘डेर फेरमीटर’ म्हणजे घरमालक असे पुल्लिंगी शब्द छापलेले असतात. आपल्याकडच्या ‘विद्यार्थ्यांनी शुल्क भरावे’ या सूचनेत जसे मुलींनाही धरलेले असते, तसाच हा सर्वांसाठी वापरलेला पुल्लिंग आहे. याविरुद्ध मार्लीस क्रेमर या वयोवृद्ध ग्राहक बँकेच्या छापील नमुन्यांत आपला उल्लेख ‘कुंडिन’ असा व्हावा म्हणून न्यायालयात गेल्या होत्या. मार्च 2018 मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. त्यामुळे करारात पुल्लिंगी शब्द दिसला तरी त्यातली प्रत्येक अट आपल्याला लागू आहे असे समजूनच सही करावी.

पायरी ७: पत्राचा मायना

ओळखीच्या नावाला ‘झेर गेएर्टे फ्राउ’ (माननीय श्रीमती) किंवा ‘झेर गेएर्टर हेर’ (माननीय श्री) असा मायना लिहितात. ‘गेएर्टे’ आणि ‘गेएर्टर’ यांच्या टोकातला फरक विसरू नये. कोण वाचणार हे माहीत नसेल तर ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’ हा रूढ मायना चालतो. ‘फ्रॉइलाइन’ (कुमारी) हा शब्द कोणत्याही वयाच्या स्त्रीसाठी कधीही वापरू नये. सरकारी व्यवहारातून तो 1972 मध्येच काढून टाकला गेला आहे.

अडचण येते ती नावांवरून लिंग न कळण्याची. ‘किम’, ‘रोबिन’, ‘झाशा’ ही नावे स्त्री-पुरुष दोघांचीही असतात. आपल्या नावांचे तेथे याहून वाईट होते: ‘आदित्य’ किंवा ‘कृष्णा’ हे नाव रोमन लिपीत ‘आ’च्या अक्षरावर संपते, आणि अशा नावाची व्यक्ती स्त्री असावी असे जर्मन डोळ्यांना वाटते, म्हणून कितीतरी मराठी मुलग्यांना ‘फ्राउ’ या मायन्याने पत्रे येतात. माझ्या पहिल्या विमा कार्डावर ‘हेर’ छापून आले होते आणि ते बदलून मिळायला पाच आठवडे लागले. यावर दोन उपाय आहेत. आपल्या सहीखाली आणि जीवनवृत्तांतात नावाआधी ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’ लिहावे, म्हणजे समोरच्याला अंदाज करावा लागत नाही. आणि समोरच्याचे लिंग आपल्याला माहीत नसेल, तर ‘गुटेन टाग’ (नमस्कार) लिहून पुढे त्या व्यक्तीचे नाव व आडनाव दोन्ही लिहावे. ज्यांना ‘फ्राउ’ आणि ‘हेर’ या दोन्ही संबोधनांत आपली ओळख दिसत नाही, त्यांच्यासाठीही हाच मायना योग्य आहे.

पायरी ८: समूहाविषयी लिहिताना

येथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचावे. मराठीत ‘ते दोघे’, ‘त्या दोघी’ आणि ‘ती दोघं’ असे तीन शब्द आहेत, आणि एक पुरुष व एक स्त्री असेल तर आपण न विचार करता ‘ती दोघं’ म्हणतो. जर्मनमध्ये अनेकवचनाचे सर्वनाम आणि उपपद सर्वांसाठी एकच आहे. प्रश्न उरतो तो नामाचा. ‘लेरर’ म्हटले की पुरुष शिक्षक किंवा सर्व शिक्षक, ‘लेररिनेन’ म्हटले की फक्त स्त्रिया. दोघांना स्पष्टपणे धरणारा शब्द तयार नाही, आणि तो घडवण्याचे चार मार्ग रूढ झाले आहेत.

पहिला मार्ग जोडीचा: ‘लेररिनेन उंड लेरर’. स्त्रीरूप आधी येते. हा पूर्णपणे नियमात बसतो, भाषणात आणि पत्रात उत्तम वाटतो, पण एका परिच्छेदात पाच वेळा आला तर वाक्य जड होते.

दुसरा मार्ग मुळातच तटस्थ शब्द निवडण्याचा. शिक्षकासाठी ‘लेरक्राफ्ट’, प्रमुखासाठी ‘लाइटुंग’, कर्मचाऱ्यांसाठी ‘पेर्झोनाल’ किंवा ‘टीम’. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत आवडतो, कारण वाचणाऱ्याला काही बदलले आहे हे जाणवतही नाही.

तिसरा मार्ग धातुसाधिताचा: ‘श्टुडेंटेन’ऐवजी ‘श्टुडीरेंडे’ म्हणजे शिकणारे, ‘मिटआर्बाइटर’ऐवजी ‘मिटआर्बाइटेंडे’ म्हणजे सोबत काम करणारे. 2013 च्या सुधारित वाहतूक नियमांतही पादचाऱ्यांसाठी ‘त्सू फूस गेएंडे’, म्हणजे पायी चालणारे, हा शब्द आला. यात दोन सापळे आहेत. एकवचनात लिंग परत येते: ‘डेर श्टुडीरेंडे’ आणि ‘डी श्टुडीरेंडे’, म्हणून ही रूपे अनेकवचनातच वापरावीत. दुसरे म्हणजे प्रत्येक व्यवसायाला हे जमत नाही. पाव भाजणारा बेकर रात्री झोपलेला असला तरी बेकरच असतो. त्याला ‘बाकेंडे’ म्हटले तर तो या क्षणी भाजत आहे असा अर्थ होतो.

चौथा मार्ग शब्दाच्या पोटात खूण घालण्याचा. 1980 च्या दशकात शब्दाच्या मध्येच मोठ्या लिपीतला ‘आय’ लिहिण्याची पद्धत आली. त्यानंतर खालची रेघ, तारांकन आणि विसर्गासारखे दोन टिंब आले. तारांकन किंवा टिंबांमागची भूमिका अशी की स्त्री आणि पुरुष यांच्यामधली ती जागा इतर सर्वांसाठी आहे. बोलताना त्या जागी क्षणभर श्वास अडवतात: ‘लेरर’, किंचित थांबा, ‘इनेन’. हा थांबा न घेतल्यास ऐकणाऱ्याला फक्त शिक्षिका ऐकू येतात.

या चौथ्या मार्गावर व्याकरण पुष्कळदा अडते. ‘आर्त्स्ट’चे स्त्रीरूप होताना आरंभीचा स्वर बदलतो, त्यामुळे ‘एर्त्स्ट–तारांकन–इनेन’ असे लिहिले तर तारांकनाआधी उरलेला ‘एर्त्स्ट’ हा शब्द जर्मनमध्ये नाही. ‘कोलेगेन’ (सहकारी) या शब्दाचा शेवट तारांकनापुढे नाहीसा होतो. एकवचनात तर उपपद, विशेषण आणि नाम तिन्हींत खुणा घालाव्या लागतात, आणि दृष्टिहीन वाचकांच्या संगणकावरचे वाचनतंत्र कधीकधी ती खूण ‘तारा’ म्हणून मोठ्याने वाचते.

पायरी ९: कोठे काय चालते ते आधी विचारा

जर्मन शुद्धलेखन परिषदेने मार्च 2021 मध्ये तारांकन, खालची रेघ आणि दोन टिंब यांना अधिकृत नियमांत घेण्याची शिफारस केली नाही. जागोजागचे धोरण मात्र वेगळे आहे. हानोफर शहराच्या प्रशासनाने 2019 मध्ये तारांकन स्वीकारले. बायर्न (बव्हेरिया) राज्याने 1 एप्रिल 2024 पासून शाळा, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालयांत शब्दातल्या अशा खुणांना बंदी केली. माझ्या लाइपझिशच्या विद्यापीठाने 2013 मध्ये आपल्या घटनापत्रात उलटी वाट धरून सर्वत्र स्त्रीलिंगी रूपे वापरली आणि त्यांत पुरुषही धरले आहेत अशी तळटीप दिली. त्या घटनापत्रावर देशभर चर्चा झाली. मी ते वाचायला घेतले तेव्हा, आजवर पुल्लिंगी शब्दांत स्वतःला शोधत वाचण्याची सवय किती खोल गेली होती, हे मला पहिल्यांदाच जाणवले.

तुम्ही काय करावे? परीक्षेत, सरकारी अर्जात आणि अनोळखी कार्यालयाला लिहिताना जोडीचे रूप किंवा तटस्थ शब्द वापरावा. तो कोठेही चुकीचा ठरत नाही आणि कोणालाही वगळल्याची भावना देत नाही. नोकरीच्या ठिकाणी पहिल्या आठवड्यातच लेखनाचा ‘लाइटफाडेन’ मागून घ्यावा आणि जी खूण तेथे ठरली असेल ती संपूर्ण मजकुरात एकसारखी वापरावी. तारांकन व टिंब एकाच पत्रात मिसळू नयेत. आणि एखाद्या व्यक्तीने आपल्याला कसे संबोधावे हे सांगितले असेल, तर त्या व्यक्तीला लिहिताना पुस्तिकेऐवजी तिचे म्हणणे पाळावे.

मजकूर पाठवण्याआधी तो एकदा फक्त नामांसाठी वाचून काढा: प्रत्येक नामाचे उपपद, त्याची विभक्ती, आणि ते नाम माणसाचे असेल तर त्यात कोण कोण धरले गेले आहे. एका पानाच्या पत्राला यासाठी मला अजूनही दहा मिनिटे लागतात.